बी.कॉम.वाल्याला सायन्सचा पेपर कशाला?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लिखाण. बदलापूर लोकलमध्ये उभ्या-उभ्या वाचून होईल.

ॲडमिशन सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास येतो: "मला अकाउंट्स शिकायचंय, मग दुसऱ्या शाखेचा विषय गळ्यात का मारतात?"

आधी नियम बघू. नवीन शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीला मेजरशिवाय ओपन इलेक्टिव्ह असतं, एकूण १० ते १२ क्रेडिट. ते मेजरच्या शाखेबाहेरूनच घ्यायचं. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे २ क्रेडिटचा पेपर ३० तासांचा. आता ३० तासांत कोणी केमिस्ट होत नाही, हे कबूल. मग उपयोग काय?

आपल्या खरवईचंच घ्या ना. एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत. समजा, बी.कॉम. करून तुम्ही अशाच एखाद्या कंपनीत अकाउंट्सला लागलात. टेबलावर सांडपाणी प्रक्रियेचं बिल येतं, सोबत लॅबचा रिपोर्ट. त्यात लिहिलंय 'सीओडी' आणि पुढे एक आकडा. तुम्ही टॅलीत एंट्री करता, बेरीज जुळते, विषय संपला.

पण सीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रासायनिक विघटन करायला किती ऑक्सिजन लागेल, त्याचं माप. आकडा मोठा, म्हणजे पाणी जास्त खराब. एवढं माहीत असलेला अकाउंटंट वेगळा प्रश्न विचारतो: माल दुप्पट निघाला, तर प्रक्रियेला गेलेलं सांडपाणी निम्मं कसं झालं? बाकीचं गेलं कुठे? हे त्याला हिशेबाच्या वहीतच दिसतं, केमिस्टच्या आधी. आणि उलटही खरंच. ताळेबंद वाचता न येणाऱ्या केमिस्टला कंपनी बुडतेय हे पगार थकल्यावर कळतं.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेही पदवीत सामान्य शिक्षण हवं असं सांगितलं होतं. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर तर १९९१ च्या एम. सी. मेहता खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातून आला. मुंबई विद्यापीठात फाउंडेशन कोर्सही होताच. त्याचं काय झालं, ते ताई-दादांना विचारा. आदल्या रात्री गाईड, सकाळी पेपर, दुपारी विसरले! खरं सांगायचं तर माझा राग विषयावर नाही, तो असा उरकण्यावर आहे.

ओपन इलेक्टिव्हचंही तेच होऊ शकतं. कॉलेजकडे शिक्षक असतील तेवढेच विषय यादीत येतात, आणि आपण मित्र जिथे तिथे टिक करतो. या वेळी फॉर्म भरण्याआधी विषयाच्या नावावर जाऊ नका, सिलॅबस डाउनलोड करून आतले युनिट वाचा. आणि यादीत एकच पर्याय दिसला, तर कॉलेजला लेखी विचारा की बाकीचे का नाहीत.