सहकुटुंब राणीची बाग

शेतकऱ्याचें कुटुंब मुंबईस जातें, तें बहुधा दवाखाना, लग्नकार्य वा नोकरीच्या खटपटीस्तव. त्यांतून एक दिवस काढून भायखळ्याची राणीची बाग सर्वांनीं मिळून पाहावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. मात्र बुधवारीं ती बंद असते.

१८६२ सालीं उघडलेली ही बाग पश्चिम हिंदुस्थानच्या शेती-बागाईत मंडळीनें उभी केली. १८७३ सालीं ती म्युनिसिपालिटीकडे गेली. हल्लीं तीस वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. मुलें वाघ व पेंग्विन यांकडे धांवतात, धांवोत. परंतु वडील माणसांनीं त्यांस झाडांपाशींही थांबवावें. आम्हीं नातवंडांस ब्रह्मदेशची उर्वशी व आफ्रिकेची गोरखचिंच दाखविली. बुंध्यांत पाणी सांठवून अवर्षण काढणारें तें झाड पाहून धाकटा म्हणाला, "आजोबा, आपल्या शिवारांत इतक्या जातींचीं झाडें कां नाहींत?"

प्रश्न लहानाचा, पण मोठ्यांनीं विचार करण्याजोगा. डोंगरकड्यास केळीचे मळे पुष्कळ, पण त्यांत वाण मोजकेच. मध्य अमेरिकेंत 'ग्रो मिशेल' या एकाच वाणाचे मळेच्या मळे होते. पनामा मर रोगानें ते ग्रासले आणि १९६० च्या सुमारास व्यापाऱ्यांस तो वाणच सोडावा लागला.

यास्तव मुख्य पीक सोडा, असें आमचें म्हणणें नाहीं. बांधावर चिंच, जांभूळ, सीताफळ असावें. परसांत राजेळी वा सोनकेळीचे दोन मुनवे लावावे. सहलीचा खर्च तेवढ्यानें फिटेल.