शेजारी नसलेला समाधानी ठिपका

नेटलोगो या संगणकीय मॉडेलं चालवण्याच्या साधनातलं ‘सेग्रिगेशन’ मॉडेल म्हणजे ५१ बाय ५१ चौकटींचा पट आणि त्यावर दोन रंगांचे ठिपके. कल्पना अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांची, १९७१च्या लेखातली. भोवतालच्या आठ घरांतल्या शेजाऱ्यांपैकी ३० टक्के आपल्या रंगाचे असले की ठिपका समाधानी. नाहीतर बिऱ्हाड हलवायचं. ‘गो’ दाबलं की बघता बघता रंगांच्या वाड्या वेगळ्या होतात आणि ‘आपल्यां’चं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास जातं. सेमिनारमध्ये इथं माना डोलतात. मला मात्र विचारावंसं वाटतं, हा आकडा मॉडेलचा, की आत्ताच्या या एका खेपेचा?

उत्तरासाठी बिहेविअरस्पेसची, म्हणजे नेटलोगोतल्या प्रयोग-साधनाची, खिडकी उघडायची. इथं प्रयोग आधी लिहून द्यावा लागतो. ‘आपल्या’ शेजाऱ्यांची अट ० ते १०० टक्के, पाच-पाचने. दाटी, म्हणजे किती टक्के घरं भरलेली, ५० ते ९५, पाच-पाचने. प्रत्येक जोडीच्या ३० खेपा. झाल्या ६३०० खेपा. वेळेची मर्यादा घालायलाच हवी, कारण दाट वस्तीत अट ऐंशीवर नेली की कुणी स्थिरावतच नाही आणि संगणक गरगरत राहतो. दोन्ही घटक एकत्र बदलण्याची ही शिस्त संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९२०च्या दशकात रॉथॅमस्टेडच्या शेतांवर घालून दिली. एकेक स्लायडर हलवत बसलं, तर दाटी आणि अट यांचं आपसातलं साटंलोटं कळत नाही. फिशरांना गेल्या वर्षीचा पाऊस परत आणता येत नव्हता. इथं रँडम सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांचं बीज, नोंदवली की तीच खेप हुबेहूब पुन्हा चालते.

निकालाच्या तक्त्यातल्या विरळ वस्तीच्या रांगा वाचताना मी आणखी एक रिपोर्टर, म्हणजे मोजमाप, जोडतो: एकही शेजारी नसलेले ठिपके किती? कोडातल्या एका ओळीच्या हिशेबात शून्यातले शून्य शेजारी पुरेसे ठरतात, म्हणून असा एकटा ठिपका समाधानी. सारखेपणाच्या टक्केवारीत तो धरलाच जात नाही. कोड खुला आहे म्हणजे मॉडेल पारदर्शक, असं हल्ली सर्रास म्हणतात. ही ओळही कायम खुलीच होती की! पण दाटी ९५ वर ठेवून खेळणाऱ्याला तिची गाठ पडणार कशी?

मग ती ओळ बदलायची, एकट्याला असमाधानी ठरवायचं आणि तोच आराखडा पुन्हा चालवायचा. न थांबलेल्या खेपांसकट दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, की निष्कर्षातलं शेलिंगचं किती आणि त्या एका ओळीचं किती, ते वेगळं काढता येतं.