अंगणात पडलेल्या वटवाघळाची ओळख

अकोला-अमरावतीच्या कडक उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे गेला की मोठी वटवाघळे ग्लानीने खाली पडू शकतात. सपाट जमिनीवरून झेप घेणे त्यांना कठीण जाते. म्हणून पडलेले वटवाघूळ मरणासन्नच असते, असे नाही.

त्याची ओळख लांबूनच करावी. मोठे डोळे, कुत्र्यासारखे मुख आणि अंगठ्याबरोबर दुसऱ्या बोटालाही नखी असल्यास ते फळाहारी होय. पंखविस्तार मीटरहून अधिक असल्यास ते ‘टेरोपस मेडियस’ समजावे. कीटकभक्षी जातींत केवळ अंगठ्यालाच नखी असते.

उघड्या हाताने स्पर्श टाळून वनविभागास कळवावे. चावा वा ओरखडा झाल्यास रेबीजची शक्यता गृहीत धरून जखम साबणपाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने फळाहारी वटवाघळांना उपद्रवी ठरविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली. मोहाच्या बिया दूरवर पोहोचविणाऱ्या या जीवाला मिळालेला हा न्याय होय.