ट्रिमचे हँडल फिरते, पण विमान ऐकत नाही तेव्हा...

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॉक हेवन येथे १९४७ पर्यंत तयार झालेली 'पायपर जे-३ कब' ही पिवळ्या रंगाची दोन आसनी विमाने आजही हौशी वैमानिक जिवापाड जपतात. ६५ अश्वशक्तीचे इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापडाचे आवरण, एवढाच या विमानाचा संसार. मात्र पाऊणशे वर्षांहून जुन्या यंत्रात काही ना काही ढिले होणारच. त्यात वरचेवर आढळणारी तक्रार म्हणजे ट्रिमची.

ट्रिम म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. 'कब'ची सुमारे ४५ लिटरची इंधनटाकी पुढच्या आसनाच्याही पुढे असते. इंधन जळत जाते तसे नाक हलके होते. पुढे प्रवासी बसला की ते पुन्हा जड होते. हा फरक हाताने दांडा धरून तासभर सावरत राहिले तर मनगट भरून येते. त्यासाठी विमानाच्या डाव्या भिंतीवर एक छोटे हँडल दिलेले असते. ते फिरवले की एक केबल पुलीवरून सरकत शेपटापर्यंत जाते आणि तिथला उभा स्क्रू फिरवते. त्या स्क्रूमुळे शेपटाच्या आडव्या पंखाची पुढची कड वर किंवा खाली होते. कड खाली गेली की शेपूट खाली दाबले जाते व नाक वर येते.

'ट्रिम ढिला झाला' या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळे आजार दडलेले असतात, आणि घोटाळा इथेच होतो. पहिला आजार केबलचा. केबल सैल पडली किंवा तिला तेल लागले, की ती पुलीवर घसरते. हँडल फिरते, पंख मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी केबल स्वच्छ पुसून घ्यावी लागते. कापड केबलवरून फिरवताना कुठे धागे अडकले, तर आतल्या तारा तुटू लागल्या आहेत असे समजावे व केबलच बदलावी. ती शाबूत असेल तर टर्नबकल फिरवून ताण वाढवता येतो. टर्नबकलच्या नळीबाहेर कोणत्याही टोकाला तीनपेक्षा अधिक आटे दिसता कामा नयेत आणि काम संपताच ते सुरक्षा-तारेने बांधलेच पाहिजे. ताण प्रमाणाबाहेर वाढवला तर हँडल जड होते व पुल्या झिजतात. 'थोडे आणखी आवळू' हा मोह येथे महागात पडतो.

दुसरा आजार स्क्रूचा. विमान जमिनीवर उभे असताना आडव्या पंखाची पुढची कड हलकेच वरखाली करून पाहावी. ती लटलटत असेल, तर स्क्रू आणि नट यांचे आटे झिजलेले असण्याची शक्यता असते. कारागीर याला 'प्ले' म्हणतात. केबल कितीही ताणली तरी हा प्ले जात नाही. झिजलेला भाग बदलणे हाच त्यावर उपाय. स्क्रूला वंगण हवेच, पण ते ओघळून केबलवर आले की पहिला आजार पुन्हा उद्भवतो.

हे क्षुल्लक वाटत असेल तर ३१ जानेवारी २००० चा अपघात आठवावा. अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ हे प्रवासी विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळून ८८ जण मृत्युमुखी पडले. पुरेशा वंगणाअभावी ट्रिमच्या स्क्रूवरील नटाचे आटे झिजून गेले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. १९९७ मधील तपासणीत तेथील प्ले मर्यादेच्या काठावर आढळला होता. फेरमोजणीत तो कमी भरला आणि विमान पुन्हा सेवेत गेले! 'कब' त्या विमानापुढे खेळणेच, पण स्क्रूने संपूर्ण आडवा पंख हलवण्याचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

अमेरिकन नियमांनुसार वैमानिक-मालकाला स्वतः करता येणाऱ्या किरकोळ कामांच्या यादीत नियंत्रण-यंत्रणेची जुळवणी येत नाही. ती परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी लागते व तशी नोंद विमानाच्या वहीत करावी लागते. जुळवणीनंतर एकाने हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने शेपटापाशी उभे राहून पंख पूर्ण सरकतो का आणि योग्य दिशेलाच सरकतो का, हे डोळ्यांनी पाहावे. केबल उलटी गुंडाळली गेली असेल, तर ते उड्डाणाआधी येथेच कळते.