नगरची मंडळी आणि देवाचा दरबार

ख्रिस्ती मंडळीची आध्यात्मिक वाढ कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न मिशनच्या दप्तराला फारसा जड गेला नाही. बाप्तिस्म्यांची संख्या, शाळांचे पट आणि वर्गणीची रक्कम यांचा ताळेबंद जुळला, की सालाचा हिशेब पुरा होई. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरास ठाणे घातले, एवढे त्या दप्तरावरून समजते. परंतु हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे पूर्वाश्रमीचे ब्राह्मण आणि खेड्यापाड्यांतून आलेली महार कुटुंबे एका प्रभुभोजनास बसू लागली, तेव्हा त्या भाकरीपाशी कोणाच्या मनात किती खळबळ झाली असेल, याची नोंद कोणत्या कारकुनाने घ्यावी?

ती नोंद, निदान एका मनापुरती, लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त ठेवली आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. आणि मधल्या काळातील सोवळ्याओवळ्याचा, पाण्याच्या स्पर्शाचा आणि स्वतःशीच चाललेल्या झगड्याचा जो वृत्तांत त्या निर्मळ विनोदाने सांगतात, त्यावरून मला असे वाटते, की पतीच्या पांडित्यापेक्षा सहवासाने आणि स्वतःच्या विचारानेच त्यांचे मन अधिक मोकळे केले.

सहवासाला साधन मात्र लागते, आणि नगरच्या मंडळीला ते कीर्तनात सापडले. पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गायने अक्षरशत्रू शेतकऱ्याच्या ओठी सहज रुळणारी नव्हती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वरंग, उत्तररंग आणि टाळमृदंग यांसह ख्रिस्तचरित्र उभे केले, तेव्हा ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ध्रुपद उचलता येऊ लागले आणि केवळ ऐकणारा श्रोता उपासनेचा भागीदार झाला. टिळकांनी हीच वाट अभंग-ओव्यांनी रुंद केली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. आणि हा सेतू पार केल्यावर मोडून टाकण्याची घाई त्यांनी कधीच केली नाही, हे त्यांचे मोठेपण.

1917 मध्ये त्यांनी मिशनचा तनखा सोडला, सातारा गाठले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, परदेशी पैशाचा आणि परदेशी वळणाचा भार उतरावा, असा त्यांचा मनोदय होता. बाप्तिस्म्याचा उंबरठा असा सैल करणारी कल्पना चर्चच्या शिस्तीत बसणे कठीण होते, हे उघडच आहे. तथापि माझ्या मते दरबाराचे खरे व्यंग निराळेच होते. ज्या बंधुत्वात कोणी धनी नसावा, ते बंधुत्व सर्वस्वी टिळकांच्या तेजावर उभे होते. 9 मे 1919 रोजी ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

टिळकांच्या गीतांचे तसे झाले नाही. ‘उपासना संगीत’ या संग्रहातून ती निरनिराळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांत पसरली, आणि पंथांची भांडणे न मिटताही तीच पदे सर्वांच्या उपासनेत गाइली जाऊ लागली. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या या बाईने त्यात पतीपेक्षा कितीतरी अधिक अध्याय रचले.