सात दिवसांत वांधा

सुरतेत सकाळी चहाच्या लारीवर जे गुजराती वर्तमानपत्र हातोहात फिरत असते, त्याची पहिली पाने दहा माणसांच्या बोटांनी मऊ पडलेली असतात, क्रिकेटचे पान कोणीतरी घडी करून बगलेत मारलेले असते, आणि ज्या पानावर एकही चित्र नाही, ठसठशीत मथळा नाही, केवळ मुंगीएवढ्या अक्षरांच्या चौकटी एकमेकींना खेटून उभ्या आहेत, ते पान मात्र कोरे करकरीत राहून शेवटी कोणाचे तरी खमण बांधण्याच्या कामी येते. मौज अशी, की त्या दिवशी शहरातील यच्चयावत लोकांनी काही वाचले आहे असे जर कोणी धरून चालत असेल, तर ते याच पानाविषयी. येथे ‘जाहेर नोटिस’ असतात, ‘जाहेर चेतवणी’ असतात, बँकांच्या कबज्याच्या सूचना असतात, आणि बहुतेकींच्या शेवटी एकच धमकीवजा विनंती असते: सात दिवसांत लेखी वांधा पुराव्यानिशी दाखल करावा, मुदतीनंतर आलेला वांधा ध्यानात घेतला जाणार नाही.

मराठी वाचकाला ही भाषा अर्धी घरची आणि अर्धी फसवी वाटते. घरची वाटण्याचे कारण उघड आहे. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होते, आणि १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखाली दोन्हीकडचा शेतकरी एकाच साच्याच्या कागदांत बांधला गेला होता. म्हणून आजही तलाठ्याला तेथे तलाटी म्हणतात, सात-बाराचा उतारा तेथेही सात-बाराच आहे, आणि खातेदार, पंचनामा, गहाण, बोजा, मिळकत हे शब्द केवळ उच्चाराची टोपी बदलून तापीच्या तीरावर वावरतात. फसवी वाटण्याचे कारण असे, की याच सोयरिकीत काही शब्दांनी अर्थ फिरविले आहेत. आपल्याकडे ‘वांधा’ झाला म्हणजे काम अडले. गुजरातीत वांधा म्हणजे रीतसर घेतलेली हरकत. आपण ‘इसार’ देऊन साठेखत करतो. सुरतकर ‘बानुं’ देऊन बानाखत करतो. आपली वंशावळ तेथे ‘पेढीनामुं’ होते. सर्वांत गमतीचा प्रयोग म्हणजे ‘वेचाण राखवुं’. नवखा खानदेशी माणूस हे शब्द वाचून हमखास समजतो, की अमुक गृहस्थाने आपली जागा विकायला काढली आहे. वस्तुतः त्या गृहस्थाने ती विकत घेतलेली असते!

‘जाहीर’ हा मूळचा अरबी शब्द, आणि त्याचा अर्थ डोळ्यांना दिसणारे, प्रकट. त्यावरूनच जाहीरनामा आला आणि जाहिरातही आली. रघुनाथपंतांनी शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राजव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९३१ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा बहुभाषी प्रशासनिक कोश सिद्ध करविला, आणि त्या संस्थानचा नवसारी प्रांत तर सुरतेच्या वेशीलाच भिडलेला होता. इतक्या मोठ्या उद्योगानंतरही बाजारात टिकले ते अरबी ‘जाहीर’ आणि इंग्रजी ‘नोटीस’ यांचे गाठोडे. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी यावरून खिन्न व्हावे असे मला वाटत नाही. ज्या शब्दाने माणसाच्या पोटात गोळा येतो तो शब्द बदलणे फार कठीण.

सुरतेला मिळालेली सर्वांत प्रसिद्ध नोटीस मराठ्यांनीच दिली होती, हे येथे नमूद केल्याशिवाय पुढे जाववत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शहराबाहेर येऊन ठेपलेल्या शिवाजी महाराजांनी आधी पत्र पाठविले: सुभेदार इनायतखान आणि हाजी सैय्यद बेग, बहरजी बोहरा, हाजी कासीम हे तीन धनाढ्य व्यापारी यांनी स्वतः येऊन खंडणी ठरवावी, न आल्यास शहराची खैर नाही. नोटिशीची सारी अंगे त्यात आहेत: कोणास, कशाबद्दल, आणि न ऐकल्यास काय. सुभेदार उत्तर न देता किल्ल्यात जाऊन बसला, आणि पुढचे सर्वांस ठाऊक आहे. त्या पत्राला मुद्रणाची गरज नव्हती, कारण ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्या हाती ते नेमके पडले होते. आजच्या जाहीर नोटिशीचे दुखणे नेमके याच्या उलट आहे.

छापील नोटिशीला सुरतेत घर मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६३ मध्ये दीनशा अर्देशर तालियारखान यांनी ‘सुरतमित्र’ काढले. तेच पुढे ‘गुजरातमित्र’ झाले आणि आजही चालू आहे. त्याआधी काम भागत असे ते दवंडीवर आणि चावडीच्या भिंतीवर. भागत असे, असे भूतकाळी म्हणणेही पूर्ण खरे नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम मिळकतीच्या जागी किंवा तिच्या लगत ‘ढोल वाजवून किंवा अन्य रूढ रीतीने’ पुकारावा, हुकुमाची नक्कल मिळकतीच्या दर्शनी भागावर डकवावी आणि मग न्यायालयाच्या इमारतीवर डकवावी, असे अद्याप लिहिलेले आहे. अठवालाइन्सच्या कचेऱ्यांत संगणक आले, पण कायद्याच्या पोथीतला ढोल कोणी काढून घेतलेला नाही.

आता त्या मुंगीअक्षरी पानाकडे वळू. त्यातल्या पुष्कळशा चौकटी वकिलांनी आपापल्या अशिलांच्या वतीने दिलेल्या ‘टायटल क्लियर’च्या, म्हणजे मिळकतीची मालकी निर्वेध असल्याची खातरजमा करणाऱ्या, नोटिसा असतात. अमुक मौजे, अमुक ब्लॉक नंबर, अमुक टी. पी. म्हणजे नगररचना स्कीम, तिच्यातला अमुक फायनल प्लॉट, त्यावरील अमुक रेसिडेन्सीतील तिसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट. अंकांची ही रांग सुरतेत इतर ठिकाणांहून लांब असते, त्याला कारण आहे. मुंबई प्रांतात १९१५ च्या नगररचना कायद्यापासून चालत आलेली, आणि गुजरातने १९७६ च्या कायद्याने पुढे नेलेली अशी एक पद्धत आहे, की शहर वाढू लागले म्हणजे शेते संपादन न करता एकत्र घ्यावयाची, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा कापून काढावयाच्या, आणि उरलेली जमीन नव्या आकाराच्या भूखंडांत मूळ मालकांना परत वाटावयाची. पद्धत चांगली आहे; सुरतेचे पुष्कळसे रुंद रस्ते तिच्याच पुण्याईवर उभे आहेत. परंतु ज्या शेतकऱ्याला आपली जमीन ‘खाडीकाठची’ किंवा ‘दोन आंब्यांची’ म्हणून माहीत, तिचा सर्वे नंबर जाऊन ब्लॉक नंबर आला, त्यावर टी. पी. नंबर चढला आणि शेवटी फायनल प्लॉटचा अंक बसला, म्हणजे वर्तमानपत्रात ती समोर आली तरी तो तिला ओळखणार कसा?

या नोटिशींबद्दल सामान्य माणसाच्या मनात एक भय आणि एक भ्रम घर करून असतो. भय असे, की सात दिवस उलटले आणि आपण गप्प राहिलो तर आपला हक्क बुडाला. भ्रम विकत घेणाऱ्याचा, आणि तो याचीच उलटी बाजू: सात दिवस कोणी बोलले नाही, आता मिळकत गंगेसारखी निर्मळ झाली. दोन्ही चूक. वकिलाने खासगीरीत्या छापलेल्या नोटिशीतील ती मुदत कोणत्याही कायद्याने ठरविलेली नाही. म्हणूनच ती कुठे सात दिवसांची, कुठे दहा, कुठे पंधरा असते. खऱ्या मालकाची मालकी केवळ वर्तमानपत्र न वाचल्याने जात नाही. मग नोटीस द्यावयाचीच कशाला? तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४१ वे कलम मालकांच्या संमतीने मालक म्हणून वावरणाऱ्याकडून घेणाऱ्यास जे संरक्षण देते, ते वाजवी खबरदारी आणि सद्भाव यांच्या अटीवर देते, आणि नोटिशीचे कात्रण हा त्या खबरदारीचा एक पुरावा होऊ शकतो. कर्ज देणारी बँकही फायलीत ते कात्रण मागते. पुरावा, तोही एकच, आणि तोही दुबळा. कारण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात असे म्हटले आहे, की नोंदविलेल्या दस्ताची माहिती ती मिळकत घेणाऱ्या प्रत्येकाला होती असेच समजले जाईल. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन जुने दस्त न चाळता ज्याने केवळ चौकट छापली, त्याने छत्री घरी ठेवून पावसाचा अंदाज वाचला.

याहूनही निष्फळ, पण मनाला चटका लावणारी चौकट म्हणजे बापाने मुलाबद्दल दिलेली. ‘माझा दीकरो माझ्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणी देणे-घेणे करू नये, माझ्या मिळकतीत त्याचा हक्क-हिस्सा नाही.’ स्वकष्टार्जित मिळकत बापाला मृत्युपत्राने हवी त्याला देता येते, त्याला नोटिशीची जरुरी नाही. आणि वडिलार्जित एकत्र मिळकतीतला मुलाचा हिस्सा शंभर नोटिसा छापल्या तरी नाहीसा होत नाही. म्हणजे कायद्याच्या तराजूत त्या मजकुराचे वजन जवळजवळ शून्य. तरी लोक पैसे मोजून तो छापतात. घरातले भांडण उंबऱ्याबाहेर नेण्याची ती एक रूढ रीत झाली आहे, आणि पूर्वी जे जातपंचायतीत होई ते आता चौकटीत होते.

बँकांच्या नोटिसा मात्र निराळ्या. त्यांना दात आहेत. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे थकबाकीदाराला प्रथम साठ दिवसांची मागणी-नोटीस जाते, नंतर कबजा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत ती वार्ता दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. वाक्य निरुपद्रवी दिसते. पण सुरतेची स्थानिक भाषा कोणती, असा प्रश्न लिंबायत किंवा डिंडोलीच्या एखाद्या गल्लीत उभे राहून विचारावा! कायद्याचे उत्तर अर्थात गुजराती. तेथे राहणारा यंत्रमागावरचा कामगार मात्र घरात अहिराणी बोलतो, महापालिकेच्या मराठी शाळेत मराठी शिकला, कारखान्यात हिंदी बोलतो, आणि शेजारी ओडिया व तेलुगू ऐकतो. महापालिकेने यांतल्या बहुतेक भाषांच्या शाळा चालविल्या, ही त्या संस्थेची मोठीच गोष्ट. परंतु ‘स्थानिक भाषा’ या दोन शब्दांत एवढ्या शाळा मावत नाहीत.

आणि त्या माणसाची दुसरी मिळकत? ती येथे नाहीच. ती अमळनेर, शिंदखेडा किंवा धरणगाव तालुक्यात, वडिलांच्या नावच्या सात-बारावर आहे. तापीखोऱ्याच्या ज्या रेल्वेने खानदेशचा माणूस सुरतेच्या उधन्याला आणून सोडला, त्याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या हक्काची नोंद राहिली. दोन्ही राज्यांच्या महसुली रिवाजाप्रमाणे वारसाने किंवा खरेदीने नाव बदलावयाचे झाले, की तलाठी फेरफाराची नोंद धरतो, तिची संपूर्ण नक्कल चावडीत दर्शनी जागी लावतो, आणि हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळवितो. गुजरातेत या नोटिशीला कलमाच्या नावानेच ‘एकशे पस्तीस-डी’ म्हणतात व हरकतीस तीस दिवस मिळतात. महाराष्ट्रात १५० वे कलम आहे व पंधरा दिवस मिळतात. लेखी कळविणे ज्या पत्त्यावर होते तो पत्ता जुन्या घराचा. आणि चावडीच्या भिंतीवरचा कागद उधन्यातून वाचता येत नाही.

यात सर्वांत अधिक हरवतात त्या लेकी. समजा, डिंडोलीत दिलेली मुलगी आहे. वडील वारले, भावांनी वारस-नोंदीसाठी अर्ज केला, आणि बहिणीचे नाव ‘विसरले’. हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. एवढा मोठा हक्क, आणि त्याला वाचा फुटण्याची पहिली संधी कोणती, तर चावडीवर पंधरा दिवस लटकणारा एक कागद! फेरफाराने मालकी मिळत नाही किंवा जात नाही, तो महसुलाच्या सोयीचा दाखला आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. परंतु गाव तो दाखलाच पाहते, बँक तोच पाहते, विकत घेणाराही तोच पाहतो. आणि जे पंधरा दिवसांत एका अर्जाने झाले असते त्यासाठी बहिणीला मग दिवाणी दाव्याची दहा वर्षे मोजावी लागतात.

न्यायालयाच्या समन्साची गतही हीच. प्रतिवादी सापडत नसेल तर वर्तमानपत्रात समन्स छापता येते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीने असे सांगितले, की तो शेवटी जेथे राहत असल्याचे माहीत आहे त्या भागात खपणारे दैनिक त्यासाठी निवडावे. म्हणजे वीस वर्षांपूर्वी गाव सोडलेल्याची नोटीस धुळ्याच्या दैनिकात, आणि तो स्वतः सुरतेच्या पांडेसऱ्यात! अशी बजावणी प्रत्यक्ष हाती दिल्याइतकीच परिणामकारक मानावी, असे संहिता ठणकावून सांगते. मात्र १९६३ च्या मुदत कायद्याच्या परिशिष्टात, १२३ व्या अनुच्छेदाखाली, एक लहानसे स्पष्टीकरण आहे: एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी जी तीस दिवसांची मुदत आहे, तिच्यापुरती ही पर्यायी बजावणी रीतसर बजावणी समजू नये, हुकुमनाम्याची माहिती झाल्या दिवसापासून ती मुदत मोजावी. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. सर्व जग वर्तमानपत्राचे शेवटचे पान वाचते या आपल्याच गृहीतकावर कायद्याचाही पुरता विश्वास नाही, याची ती लेखी कबुली आहे. या कबुलीची माहिती नसल्यामुळे पुष्कळ लोक ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसतात, हे दुर्दैव.

अलीकडे चावडीची भिंत दूरवरून दिसू लागली आहे. महाराष्ट्राच्या महसूल खात्याने ‘आपली चावडी’ या नावानेच संकेतस्थळ उघडले असून, जिल्हा, तालुका व गाव निवडले की तेथे लागलेल्या फेरफार-नोटिसा वाचता येतात; गुजरातेत ‘एनी आर-ओ-आर’वर एकशे पस्तीस-डीच्या नोटिसा दिसतात. दोन्हीकडे पैसा पडत नाही. हरकत मात्र लेखीच द्यावी, नोंदीचा क्रमांक घालावा, सोबत जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा मृत्युदाखला व वंशावळ जोडावी, आणि दिल्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले वांधेही तलाठ्याने वहीत नोंदवावे असे कायदा म्हणतो, पण त्यांना मागे पुरावा राहत नाही.

सुरतेहून अमळनेरकडे जाणारी गाडी वाटेत नवापूरला थांबते. हे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात, आणि तेथील सूचना हिंदी, इंग्रजी, गुजराती व मराठी अशा चार भाषांत दिलेल्या आढळतात. कोणत्या गाडीला कोणता फलाट, एवढीच ती सूचना; पण ती ज्याच्यासाठी आहे त्याच्या लिपीत, तो उभा आहे त्या जागी लावलेली असते.