थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरातली यंत्रणा ओळखा

नोकरी-शिक्षणासाठी अमेरिका-कॅनडात गेलेली मुलं-मुली आता आपल्यातल्या अनेक घरांत आहेत. आई-वडीलही काही महिने तिकडे राहून येतात. आपल्याकडे खोलीतल्या एसीला रिमोट असतो. तिथे बहुतेक घरांत भिंतीवरचा एक छोटा डबा पूर्ण घराची ऊब आणि गारवा सांभाळतो. हाच थर्मोस्टॅट.

जुना काढून वायफायवाला नवा बसवायला घेतला की सुरुवातीलाच प्रश्न येतो, तुमची यंत्रणा कोणती? इथे अंदाजाने बटन दाबू नका. उत्तर चुकलं तर थंडीत गार हवा येते, बिल फुगतं आणि एका प्रकारात तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आम्ही चार मुख्य प्रकार सोप्या भाषेत सांगतो.

१. फर्नेस आणि एसी: फर्नेस गॅस, तेल किंवा विजेवर हवा तापवतो आणि पंखा ती जाळीतून खोल्यांत सोडतो. उन्हाळ्यात त्याच वाटेने एसीची गार हवा येते. थर्मोस्टॅटच्या तारांपैकी आर ही विजेची, डब्ल्यू गरम करण्याची, वाय गार करण्याची आणि जी पंख्याची. सेटिंगमध्ये फर्नेस गॅसचा की विजेचा हे नीट सांगा. गॅसचा फर्नेस आपला पंखा सहसा स्वतःच चालू करतो, विजेच्या फर्नेसला बहुधा थर्मोस्टॅटने सांगावं लागतं.

२. हीट पंप: हा दिसायला एसीसारखाच, पण थंडीत उलटा चालतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. थंडीत घर गरम होताना बाहेरचं यंत्र चालू असेल तर हीट पंप आहे असं समजा. त्याला ओ किंवा बी अशी जास्तीची तार असते. हे सेटिंग उलटं झालं तर गरम मागितल्यावर गार हवा येते. कडक थंडीसाठी सोबत बहुधा विजेचा हीटर असतो. हीट पंप साधारणपणे एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता देतो, हीटर मात्र एकच. त्यामुळे ‘इमर्जन्सी हीट’चं बटन रोज वापरायचं नाही.

३. बॉयलर: यात पाणी तापवून किंवा वाफ करून रेडिएटरमध्ये सोडतात. हवेची जाळी नसते, पंखाही नसतो. थर्मोस्टॅटला बऱ्याचदा दोनच तारा असतात. वायफायच्या थर्मोस्टॅटला सतत वीज देणारी सी तार लागते. ती नसेल तर वेगळा अडॅप्टर लावावा लागू शकतो.

४. भिंतीलगतचे विजेचे हीटर: इथे सर्वात जास्त सावध राहा. वरच्या तीन प्रकारांत थर्मोस्टॅटला साधारण २४ व्होल्ट असतात, इथे १२० किंवा २४० व्होल्ट थेट येतात. दोन किंवा चार जाड तारा दिसल्या तर साधा थर्मोस्टॅट लावूच नका. तो जळेल, आग किंवा शॉकचाही धोका आहे. यासाठी वेगळा थर्मोस्टॅट मिळतो.

काम सुरू करण्याआधी ब्रेकर बंद करा. जुना डबा उघडून तारांचा फोटो काढा. तारांच्या रंगावर जाऊ नका, कोणती तार कोणत्या अक्षराला जोडली आहे ते बघा. बसवल्यावर गरम आणि गार दोन्ही तपासा, मध्ये पाच मिनिटं थांबा. लगेच बदल केला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर एसी तपासणं उन्हाळ्यावर ठेवा.

शेवटी वेळापत्रक. अमेरिकेचा ऊर्जा विभाग थंडीत घरात असताना ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस ठेवायला सांगतो आणि झोपताना कमी करायला. रमजान थंडीत आला तर सहरीच्या आधी घर उबदार होईल अशी वेळ लावा. मात्र हीट पंप असेल तर रात्री तापमान फार खाली आणू नका. पहाटे ते एकदम वर चढवताना महागडा हीटर सुरू होतो आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला विचारा. यंत्रणा ओळखता आली नाही तर जाणकार तंत्रज्ञ बोलवा. त्याची फी चुकीच्या जोडणीपेक्षा स्वस्तच पडते.